आधी मागे बसून बघ

५ मार्च

मामा,

आधी भांडते, मग नमस्कार करते. गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान शिष्याच्या ताब्यात देऊन तुला वर्ष होत आलं. मामी गेल्यापासून त्या दोन खोल्यांत एकटा बसतोस, आणि आमच्याकडे राहायला ये म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं: ‘तुमच्या गाडीत मला जागा नाही.’ अरे, घरात आहे ना! बेकरीच्या वरची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, खाली भट्टी असल्यामुळे ती कायम उबदार असते, आणि तुझं घोडं अडलंय ते गाडीत! कबूल आहे, गेल्या खेपेला स्टेशनवरून येताना धाकट्याची सीट, थोरलीचं दप्तर आणि तुझी ट्रंक यांच्यामध्ये तू अगदी चेंगरून बसला होतास. उतरल्यावर म्हणालास, ‘पुढच्या वेळी मला टपावर बांधा.’ सगळे हसले. मी नाही हसले.

आता बातमी. हातातला कप खाली ठेव. जुलैत तिसरं येतंय. हो, तिसरं. म्हणजे गाडी बदलणं आलंच. आणि बदलायचीच तर तू ऐसपैस बसशील अशीच घ्यायची, हे मी ठरवून टाकलंय. बघते मग काय नवीन कारण काढतोस.

फोनवर सांगितलं असतं, पण दुकानाशेजारच्या त्या पत्रे ठोकणाऱ्याने जन्मभरात तुझ्या कानांचं जे करून ठेवलंय, त्यामुळे आपला फोन म्हणजे दोन्हीकडून नुसतं ‘काय? काय?’ म्हणून पत्र.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरोबाला उंच चौकोनी व्हॅन हवी. बेकरीवाला माणूस, त्याला जगातली कुठलीही वस्तू दाखव, तो आधी तिच्यात पावाचे ट्रे किती मावतील ते बघतो. आणि मला, मामा, एक इस्टेट आवडली आहे, ती मागे सामानाला लांबलचक जागा असलेली गाडी असते ना, ती. सेकंडहँड आहे. गाडी बाजारात शेवटच्या रांगेत उभी होती, गडद निळी. पुढून अगदी साधी, शहाण्या मुलीसारखी. मी बाजूला गेले आणि तिथेच थांबले. तिचं छप्पर पुढच्या काचेवरून निघतं ते थेट मागच्या दारापर्यंत एका दमात जातं, आणि शेवटी किंचित खाली येतं. खिडक्यांच्या कडेने बारीक चकचकीत पट्टी आहे, कुठेही पोचा नाही. इतकी लांब असून बोजड दिसत नाही. काय रूप आहे म्हणून सांगू! तीन पोरांची आई झाले म्हणून मी डबाच चालवायचा, असं कुठे लिहून ठेवलंय का?

पहिली मालकीण वाद्यं दुरुस्त करणारी बाई होती. मोठमोठी तंतुवाद्यं आडवी घालून न्यायची म्हणे. आता तू सांग. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
टाचणी

१२ मार्च

टाचणे,

कप खाली ठेवला नाही, त्यामुळे सदऱ्यावर चहा सांडला. आनंदाने सांडला असं समज. तब्येतीला जप. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे आणि पाठी मोकळ्या करतेस, आता जरा स्वतःचीही बघ.

माझं राहू दे. मी इथे मजेत आहे. गाडीचं विचारलंस त्याचं उत्तर देतो.

मी उभ्या जन्मात गाड्या आतून पाहिल्या. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यासाठी मेकॅनिक ने. पण माझी एक रीत आहे. आधी मागे बसून बघ. पुढची सीट विकणारा ठाकठीक करून ठेवतो, कारण घेणारा तिथेच बसतो. मागे कोणी ढुंकून बघत नाही. मागे बस, दार लाव आणि थोडा वेळ गप्प राहा. (तुला जमेल का, ही शंका आहे.) गुडघे कुठे लागतात, डोकं कुठे टेकतं, कड मांडीला रुतते का, ते बघ. मग सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढ. गाडी कधी पाण्यात बुडली असेल, तर मातीची रेघ पट्ट्याच्या अगदी आतल्या टोकाला सापडते. तिथवर धुवायचे कष्ट कोणी घेत नाही. पायाखालचा गालिचा उचल आणि वास घे. लाजू नकोस, सरळ नाक लाव.

आणि मुलांच्या सीटा बरोबर घेऊन जा. टेपने माप घेऊन घरी हिशेब करत बसू नकोस. तिन्ही सीटा शेजारी शेजारी ठेव, बांध, सोड, परत बांध. तीन पोरं बांधताना जिचा जीव मेटाकुटीला येईल, ती गाडी कितीही देखणी असली तरी सोडून दे.

जावईबापूंच्या व्हॅनला माझा लांबूनच नमस्कार. ते गोदाम आहे. पण इस्टेट म्हणालीस आणि मी चष्मा पुसून पत्र परत वाचलं. एकदा एका इस्टेटचं आतलं सगळं काम माझ्याकडे आलं होतं. काम झालं, गिऱ्हाईक यायला वेळ होता, तर मी आणि तुझी मामी तिच्या मागच्या भागात पाय पसरून जेवलो. मामी म्हणाली, ‘हिला चुलीची जागा असती तर घर लागलंच नसतं.’

फोटो पाठव. बाहेरून एक पुरे. आतले भरपूर.

मामा

२४ मार्च

मामा,

फोटो जोडलेत. आणि मन खट्टू झालंय.

तू सांगितलंस ते सगळं केलं. मागे बसले, गप्प बसले (बसले! नवरोबा साक्षीला आहे). पट्टा शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. गालिच्याला नाक लावलं तेव्हा तो विकणारा माझ्याकडे असा बघत होता की बाईंना चक्कर आली की काय. वास आला तो लाकडाचा आणि सरसाचा. मेकॅनिकने खाली घुसून बघितलं, बाहेर आला आणि म्हणाला, ‘हिला कोणीतरी प्रेमाने वापरलंय.’ सीटांचं कापड राखाडी, जाडसर, लोकरीसारखं, उभ्या पट्ट्यांत शिवलेलं. तू बघ फोटोत, तुझ्यासारखंच काम आहे, सरळ रेघ म्हणजे सरळ रेघ.

मग मुलांच्या सीटा ठेवल्या. तिसरी शेजारणीकडून मागून नेली होती. तिन्ही बसल्या, पण खांद्याला खांदा लावून. मधलीचं बक्कल लावायला बोट आत जाईना. दोनदा सालटं निघालं. नवरोबा नुसता लांब उभ्या असलेल्या व्हॅनकडे बघत राहिला. ते बघणंच मला झोंबलं.

आणि खरं सांगू? बक्कल एक वेळ लागलं असतं. पण तीन पोरं मागे आणि आम्ही दोघं पुढे, भरली गाडी. तुझी जागा कुठे? जिच्यासाठी सगळा खटाटोप केला तीच गोष्ट त्या सुंदर गाडीत नाही. व्हॅनमध्ये आहे. म्हणजे व्हॅनच घ्यावी लागणार. तू गोदामात बसशील ना? शपथ घालते.

जाता जाता एक: डिकीची जमीन फार उंच वाटली. हाताने ठोकलं तर पोकळ वाजली. मागच्या काठाला कापडी पट्टा शिवलेला आहे. विकणारा म्हणाला, खाली जादा चाक असेल. पण चाक तर बाजूच्या कप्प्यात आहे. असो.

टाचणी

२८ मार्च

टाचणे,

व्हॅन घेऊ नकोस! पैसे दिले असतील तर परत माग!

हे पत्र पोस्टात टाकायला मी धावत गेलो आहे हे लक्षात घे. तुझा सातवा फोटो मी भिंगाखाली धरला. डिकीतला तो पट्टा जमीन उचलण्यासाठी आहे. त्याची शिवण बघ, मध्ये फुली मारून चौकोनात शिवलाय. अशी शिवण शोभेसाठी कोणी घालत नाही, जिथे जोर लावून ओढायचं असतं तिथे घालतात. जमिनीखाली सीटा आहेत, बाई! दोन छोट्या, उलट्या तोंडाच्या. घडी घालून झोपवलेल्या. बसणारं पोर पाठीमागचा रस्ता बघत जातं. जुन्या काही इस्टेटमध्ये हे असायचं. वाद्यवाल्या बाईला वर वाद्यं ठेवायची, तिने त्या जन्मात उघडल्या नसतील. म्हणजे तिथलं कापड नवं कोरं असणार. मला तर ते बघायची घाई झाली आहे.

पट्टा आपल्याकडे ओढ, मग वर. अडलं तर कोपऱ्यात खुंटी असेल, ती दाब. पट्टे शाबूत आहेत का, डोक्यामागे टेकायला आहे का, ते बघ. आत कुठेतरी किती वजनाच्या आणि उंचीच्या मुलासाठी, ते लिहिलेलं असेल. थोरली त्यात बसत असेल तरच बसव. धाकट्याला आणि बाळाला मुळीच नाही, त्यांना मधल्या रांगेत. मग मधल्या रांगेत दोनच सीटा राहतात आणि तुझ्या बोटांची सालटंही वाचतात.

काय माणसं होती ती, ज्यांनी हे योजलं! जमिनीत सीट पुरून ठेवली आणि वरून कळू दिलं नाही.

लगेच कळव.

मामा

६ एप्रिल

मामा, मामा, मामा,

आहेत! दोन आहेत! पट्टा ओढला, खुंटी दाबली, आणि जमीन उघडून दोन सीटा अशा उभ्या राहिल्या की विकणाऱ्याने तोंडात बोटं घातली. कितीतरी दिवस तो ती गाडी रोज पुसत होता! कापड कोरं. पट्टे कोरे. थोरली लिहिलेल्या मापात अगदी नेमकी बसते. बसल्यावर उतरेनाच. म्हणाली, ‘इथून सगळे आपल्या मागे येताना दिसतात.’ नवरोबाने मधली रांग पाडून बघितली, तर ट्रे सपाट सरकले, एकही तिरका नाही. त्याने व्हॅनवर पाणी सोडलं, तेही हसत.

घेतली. शनिवारी घरी आणली. मी चालवली. ती वळणावर डुलत नाही, नुसती वळते. सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून म्हणाला, ‘बाई, काय गाडी आहे!’ मी मान अशी डोलवली की जणू मीच ती घडवली.

आता नीट ऐक. मधल्या रांगेत उजवीकडे बाळ, मध्ये धाकटा. डाव्या दाराजवळची जागा उरते. अख्खी. मी स्वतः बसून पाहिली. गुडघ्यांना मोकळं, उतरताना धरायला दारावर मूठ. ती जागा तुझी. शोधून तूच दिलीस! गाडीत जागा नाही म्हणणारा माणूस भिंग घेऊन स्वतःची जागा शोधतो, याला काय म्हणावं?

एकच खोट आहे. त्याच जागेचं कापड एका कडेला फाटलंय, कुठल्यातरी वाद्याच्या पेटीचा कोपरा लागून. तेवढं तू आल्यावर शिव. दुसऱ्या कोणाचा हात मी त्याला लावू देणार नाही.

कधी येतोस? तारीख लिही.

तुझी टाचणी

२ जुलै

मामांना सप्रेम नमस्कार,

मी तुमचा जावई लिहितोय. पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घाला. पत्राला पिठाचे डाग दिसतील, त्यालाही क्षमा असावी.

मुलगी झाली. जरा आधीच झाली, पण दोघी ठणठणीत आहेत. काल घरी आणलं, तुमच्याच गाडीतून. तुमची म्हणतो, कारण आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

एप्रिलपासून तुमचं पत्र नाही. हिने दोन लिहिली, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. फोन केला तर ऐकू येत नाही म्हणून ठेवलात. टपाल आलं की ही हातातलं काम टाकून जाते आणि परत येऊन उगाच भांडी आपटते. हिला वाटतं तुम्ही रागावलात. मला वाटतं, फोटोत बघून तुम्हाला गाडी पसंत पडली नसेल. तसं असेल तर सांगतो, मामा, मी व्हॅनवाला माणूस, पण आता दुपारी भट्टी निवली की बाहेर येऊन नुसता तिच्याकडे बघत उभा राहतो. बेकरीत येणारी गिऱ्हाईकं आधी गाडीबद्दल विचारतात आणि मग पाव मागतात.

डावीकडची जागा रिकामी आहे. धाकट्याने तिथे चेंडू ठेवला तरी ही उचलते.

दोन ओळी लिहा. मी सांगितलं म्हणू नका.

आपला,
जावई

९ जुलै

टाचणे,

पोरगी झाली, माझ्या घरात पेढे वाटायला कोणी नव्हतं म्हणून दुकानाशेजारच्या पत्रे ठोकणाऱ्याला जाऊन सांगितलं. तो बहिरा, मी बहिरा. पण त्याला कळलं.

मी रागावलेलो नाही. गाडी नापसंत तर मुळीच नाही. तुझा तो बाहेरचा फोटो मी उशाशी ठेवलाय. छपराच्या त्या रेषेवरून रोज बोट फिरवतो. फार देखणी गाडी निवडलीस. तुझ्या नजरेचा मला अभिमान वाटतो.

गाडीत जागा नाही हे कारण मी सोपं म्हणून पुढे केलं होतं. तू ते खरं धरून जागाच शोधायला निघालीस, आणि मी मूर्ख, गाडीचं नाव निघाल्यावर सगळं विसरून तुला मदत करत सुटलो. तुझं ‘तू आल्यावर शिव’ वाचलं आणि भानावर आलो.

माझे हात थरथरतात. आधी सुईत दोरा जाईना. मग सरळ शिवण वाकडी यायला लागली. एका बाईंची सीट मी शिवली, आणि मी घरी गेल्यावर शिष्याने ती गुपचूप उसवून परत शिवली. सकाळी मला कळलं. त्याच आठवड्यात किल्ली त्याच्या हातात दिली. लोकांना सांगितलं, वय झालं.

ते दुःख मी गिळलं. पण तुझ्याकडे आलो की पहिल्याच दिवशी कोणीतरी बाळ आणून माझ्या हातात देणार. तुम्ही सगळे हौसेने बघत उभे राहणार. आणि माझे हात हे असे. ‘नको, मला सर्दी झाली आहे’ असं सांगून किती दिवस टाळू? एक दिवस तुझ्या लक्षात येईल, आणि मग तू माझ्या हातात बाळ द्यायला घाबरशील. तुझ्या तोंडावरची ती भीती मला बघायची नाही. म्हणून येत नाही.

सीट कोणाकडूनही शिवून घे.

मामा

१५ जुलै

मामा,

पत्र वाचून पोटभर रडले. मग बाळ रडलं, तेव्हा तिचं आवरलं आणि आता लिहायला बसले.

मला माहीत होतं. गेल्या खेपेला तू कप दोन्ही हातांनी धरलास आणि थंडी वाजते म्हणालास. थंडी नव्हती. माझं कामच ते आहे, मला दिसतं. तू बोलला नाहीस म्हणून मी बोलले नाही. ते चुकलंच.

खोटा धीर देत नाही. थरथर जाईल असं म्हणत नाही. आपण डॉक्टरांना दाखवू, व्यायाम मी करून घेईन, कमी झाली तर उत्तम. पण बाळ घ्यायला ती जायलाच हवी असं तुला कोणी सांगितलं? माझ्याकडे कितीतरी आजी-आजोबा येतात, मी त्यांना नातवंडं घ्यायला शिकवते. पाठ टेकून बसायचं. मांडीवर जाड, घट्ट उशी. दोन्ही कोपरं बाजूंना टेकवायची आणि बाळ उशीवर. वजन मांडी पेलते, हातांनी नुसतं धरून राहायचं. मी शेजारी बसेन. घाबरले तर तसं तोंडावर सांगेन, लपवणार नाही. पण मी घाबरणार नाही, मामा. ज्या हातांनी मला वाढवलं त्यांना मी ओळखते.

आणि तुला तुझी नात माहीत नाही. ती स्थिर हातात झोपतच नाही. सगळे उपाय थकले की बाप तिला गाडीत घालतो आणि इंजिन सुरू करून नुसता उभा राहतो. ती बारीक थरथर लागली की बाई ढाराढूर. तुला बघून तिला काय वाटेल याचा विचार कर.

सीट मी शिवली. बाळ येण्याआधी, घरी बसून, तू मला लहानपणी दिलेल्या वाकड्या सुईने. दुसऱ्या कोणाचा हात लावू देणार नाही म्हटलं होतं ना? फोटो पाठवते. हसू नकोस.

एकच अडचण आहे. दुकानातल्या उशा फार मऊ, बाळ मध्ये खचतं. दोन आणून परत केल्या. आता तिसरी शोधते.

ये.

टाचणी

१९ जुलै

टाचणे,

उशी विकत आणू नकोस. त्या लोकांना भरण कळत नाही.

तुझे टाके पाहिले. हसलो नाही. कोंबडी चालून गेल्यासारखे आहेत. राहू देत. त्यांच्यावर मीच बसणार आहे, मला चालतील.

रविवारी गाडी घेऊन या. ट्रंक एकच आहे. ट्रंकेबरोबर एक उशी असेल, ती आडवी ठेवा, दाबू नका. गेले दोन दिवस तीच करतोय. आत कापूस आहे, कडेने जरा कडक, मध्ये बाळाच्या पाठीपुरता खोलगट. कापूस पिंजून मोकळा करावा लागतो, गाठ राहता कामा नये. जन्मभर ते काम मला कंटाळवाणं वाटायचं, शिष्याकडे ढकलायचो. आता मूठभर कापूस नुसता हातात धरतो, आणि हात आपोआप तो पिंजतात. इतका मोकळा कापूस माझ्या दुकानात कधी निघाला नव्हता.

खोळ शिष्याने शिवून दिली, एक बाजू उघडी ठेवली आहे. तेवढी तू शिव. दोरा दुहेरी घे, आणि टाके जवळजवळ घाल. मी शेजारी बसून सांगेन.

मामा